लांबलेली समाप्ती

“भाऊ, आज पोथीची समाप्ती नका करू,” रंगराव पाटलानं हात जोडले.

शेषरावाला हसू आलं. वरवट बकालात पाटलानं कोणापुढं हात जोडावे, ही त्या मानमोडीच्या तापाचीच करामत. तापानं सारं गाव आडवं केलं होतं. सरकारी औषध नागपूरहून निघालं होतं म्हणे. बुलढाण्याच्या कचेरीत सहीसाठी खोळंबलं होतं. तोवर गावाला आधार एकच. मारुतीच्या देवळात रोज दुपारी शेषराव वाचायचा ती पोथी.

ती त्यानं लावली होती रुखमासाठी. बायको तापानं फणफणली, तेव्हा तो नवस बोलला होता. ती आपल्या पायानं देवळात येईस्तोवर पोथी थांबणार नाही, अन् आपण घराचा उंबरा चढणार नाही.

मधे त्यालाही ताप आला. एक रात्र फार जड गेली. सकाळी उठला तो अंग कापसासारखं हलकं. तेव्हापासून ना खोकला, ना भूक. आवाज तर असा लागला की ऐकता ऐकता पुंजाजीची म्हातारी माय उठून बसली. वाण्याच्या सुनेनं कण्या मागून खाल्ल्या. नूरबीनं नातीला आणून देवळाच्या पायरीशी निजवलं, तिलाही घाम फुटून ताप उतरला.

“पोथीत गुण हाये,” लोक म्हणू लागले.

“पोथी जुनीच हाये,” शेषराव म्हणायचा, “तुमचे कान आता उघडले.”

तालुक्याहून येऊन गेलेल्या डॉक्टराचं एक म्हणणं मात्र गावानं इमानानं पाळलं. अंतर ठेवा. शेषरावाच्या जवळ कोणी बसेना, त्याच्या हातचं तीर्थ घेईना. पानं उलटायचं काम पुंजाजीकडं; तोही लांबून काडीनं उलटायचा.

आणि काल रुखमा आली. डोक्यावरून पदर ओढून बायांच्या मागं बसली. शेषरावानं मान वर केली नाही. भर वाचनात बायकोकडं पाहणं शोभत नाही. पण तिचा हुंकार त्यानं बरोबर ओळखला. आजही ती तिथंच होती.

“नवस फिटला, पाटील. आता मले घरी जाऊ द्या. रुखमाच्या हातची भाकर खाऊन लय दिवस झाले.”



“तुमच्यावाली उभी झाली,” पुंजाजी म्हणाला, “आमच्यावाल्या पडूनच हायेत न.”

“मंग तू वाच न बे.”

“माह्या वाचण्यानं चांगला माणूस आजारी पडते.”

शेषरावानं ऐकलं नाही. शेवटचा अध्याय सुरू केला. आज हुंकार येईना. बायांमधून हुंदका आला, आणि रुखमा उठली.

“आता पुरे करा,” ती म्हणाली. “काऊन अडकवून ठेवता त्याहिले? तुमच्यानं होत नसन, तर मी सांगते.”

रंगराव धडपडत तिच्यापर्यंत गेला. बोलला हळूच, पण देवळाच्या घुमटात हळू असं काही राहत नाही.

“वैनी, पाया पडतो तुमच्या. माह्या पोराचा ताप उतरू द्या, मंग सांगा. मेल्या माणसाले चार दिवस उशीर झाला, तर काय बिघडते?”