उघडा राहिलेला कॅमेरा

चंदनसारच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहतो. मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, असं म्हटल्यावर शेजारच्या सलोनीनं हसत माझा फोन घेतला.

"आजोबा, किती ॲप्स चालू ठेवलेत! एकेक असं वर सरकवायचं. गेलं बघा."

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की मी वर्तमानपत्र, शब्दकोश, हवामान असं एकेक बंद करतो. शेवटी कॅमेरा उरतो. तो मी कधीच उघडत नाही.

त्याच्या छोट्या चित्रात माझीच खोली दिसते. खिडकीजवळची खुर्ची आणि तिच्यात पाठमोरा, टकलासकट मी, हातात हाच फोन धरून बसलेला.

माझंच बोट चुकून कुठंतरी लागत असेल, असं मी धरून चाललो. रोज ते बंद केलं. रोज ते परत आलं, आणि दर वेळी टक्कल थोडं अधिक जवळ.

परवा सलोनीनं ते पाहिलं. "छान आलाय की फोटो. कोणी काढला?"

"पाहुणे आले होते," मी म्हणालो. दोन वर्षांत तिच्याखेरीज कोणी आलेलं नाही, हे सांगायची लाज वाटली.

आज बाकीचं सगळं बंद केलं. चित्रावर बोट टेकवलं आणि थांबलो. हेही घालवलं तर खोलीत मी एकटाच. मागे वळून पाहायचा धीर होईना. घसा खाकरून विचारलं, "चहा घेणार का?"

चित्रातली खिडकी, खुर्ची, माझं टक्कल, सगळं सावकाश खाली-वर झालं, होकारार्थी मान डोलावणाऱ्याच्या डोळ्यांना दिसावं तसं.