घरातली पहिली

"काका, दुखणार नाही. दाढी केल्यासारखं वाटेल," तंत्रज्ञ म्हणाला आणि त्याने रावजींच्या डोक्यावर टोप बसवला.

रावजींनी शेजारी उभ्या असलेल्या लेकीकडे, कावेरीकडे पाहिलं. कॉलेजचं सरकारी अनुदान घरात पहिल्यांदा शिकणाऱ्यालाच मिळे, आणि आईबापाला वाचता येतं का, हे यंत्र थेट मेंदूतून तपासत असे. रावजी मागावर काम करता करता आपले आपणच वाचायला शिकले होते. या टोपाने तेवढं वाचणं डोक्यातून पुसलं की कावेरी डॉक्टर होणार होती.

"शेवटचं प्रकरण तू वाचून दाखवायचंस हं," पिशवीतल्या कादंबरीवर हात ठेवून ते म्हणाले.

"हो हो, बाबा. डोळे मिटा."

दिवा हिरवा झाला. रावजींनी डोळे उघडले. समोरच्या पाटीवर आता नुसत्या काळ्या रेघा होत्या.

"पात्र!" तंत्रज्ञ हसला. "पण दरवर्षी तपासणी असते. घरात हिच्या अभ्यासाखेरीज एकही पुस्तक सापडलं की अनुदान बंद."

कावेरीने लगेच पिशवीतून कादंबरी काढली आणि ती कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

"अगं, शेवटी काय होतं तेवढं तरी सांग."

तिने शेवटचं पान उघडलं, उभ्या उभ्या नजर फिरवली आणि पुस्तक डब्यात टाकलं.

"काही विशेष नाही, बाबा. चला, बस चुकेल."