रिकाम्या खुंट्या

"तेव्हा तळ्याच्या पायऱ्यांचा विषय सुट्टीनंतर," प्रधान वकील म्हणाले आणि पगडी घ्यायला माडीचा जिना उतरले. खाली ओटीवरच्या खुंट्या रिकाम्या होत्या. एकही पगडी जागेवर नव्हती. आंतोन मास्तरांची काळी टोपीसुद्धा नव्हती.

वकील तसेच वर आले. ठाण्याच्या रस्त्यावर उघड्या डोक्याने उतरायचं, तर घरात कोणीतरी गेलेलं असावं लागतं. वकिलांच्या घरची मंडळी सुखरूप होती आणि उद्या त्यांच्याबरोबर नाशिकला निघायची होती. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती.

आळीची सुधारणा कमिटी त्रिंबकराव कर्णिकांच्या माडीवर भरायची. ते अध्यक्ष. माणूस लाखात एक, पण भिडस्त. मांजर दुधाच्या भांड्याशी येऊन बसलं, तरी त्याला हाकलायला ते आपल्या बायकोला, हौसाबाईंना, हाक मारत. अशा माणसाच्या हाती कामकाजाचा क्रम म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचा विषय पहिला. राणीच्या ज्युबिलीसाठी उभारलेली कमान उतरवावी की रंगवावी, यातच निम्मी दुपार गेली. मग आळीला कोणाचं नाव द्यावं यावर वकील बोलले, आणि वकील बोलू लागले की लवकर थांबत नसत. मध्येच त्रिंबकराव पानाचा डबा आणतो म्हणून खाली गेले आणि डबा विसरूनच परत आले. पायऱ्या नेहमीसारख्या शेवटी राहिल्या.

सुट्टीनंतर म्हणजे कधीच नाही, हे त्रिंबकरावांना पक्कं ठाऊक होतं. तळं आटतं ते याच दिवसांत. पायऱ्या बांधायच्या तर आत्ताच. कोर्ट उघडेपर्यंत तळं भरतं, आणि भरल्या तळ्यात गवंडी काय करणार? विषय वर्षभर पुढे जायचा आणि वर्षाने पुन्हा सुट्टी आडवी यायची. गेल्या वर्षी त्यांच्याकडे पाणी भरणारी रंगूबाई तिथल्या चिखलात घसरली आणि पायाने कायमची अधू झाली. आता घागरी तिची सून आणायची. शकू तिचं नाव. तिचे दिवस भरत आले होते.

"भिवा," त्रिंबकरावांनी गड्याला हाक मारली. भिवा घरात नव्हता.

"अहो, भरल्या घरातून पगड्या जातात कुठे?" वकिलांनी विचारलं.

त्रिंबकराव लाल झाले. ते उपरण्याने मान पुसत राहिले. खाली स्वयंपाकघरात पन्हं ढवळणारा डाव थांबला. मग जिन्याच्या दाराआडून हौसाबाईंचा आवाज आला.

"घामाने कळकट झाल्या होत्या. मीच पगडबंदाकडे धाडल्यात, नीट बसवून आणायला. येतील एवढ्यात."

"आणि माझी टोपी?" आंतोन मास्तर म्हणाले. "तिला कशाला हवा पगडबंद?"

दाराआड बांगड्या किणकिणल्या.

"तीही कळकट झाली होती."

वकिलांनी त्रिंबकरावांकडे असं पाहिलं की त्या भल्या माणसाची मान खालीच गेली. पण इलाज नव्हता. मंडळी बसून राहिली. एरवी ती खिडकीकडे पाठ करून बसत, कारण तळ्यावरचं ऊन डोळ्यांवर यायचं. आज पगडबंद येतोय का ते बघायला वकील खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि तिथेच थांबले.

समोर शकू तळ्यात उतरत होती. उतरत कसली, बसून सरकत होती. एक हात पोटावर, दुसऱ्यात घागर, आणि टाच चिखलात रोवून पुढचा पाय. तिने घागर भरली, डोक्यावर घेतली आणि वर चढू लागली. अर्ध्यावर पाय सटकला. ती गुडघ्यांवर आली, पण घागर तिने सोडली नाही. तशीच थोडा वेळ थांबली. मग पुन्हा उठली.

आंतोन मास्तरांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"कोण ही?" वकिलांनी विचारलं.

"आमच्या रंगूबाईची सून," त्रिंबकराव म्हणाले. "रोज चार खेपा करते."

वकील खिडकीतून वळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"विषय घ्या, त्रिंबकराव. गवंडी लावल्याशिवाय मी गाडीत बसत नाही."

ठराव झाला. कोणी भाषण केलं नाही. पुढच्या वर्षी, तळं भरायच्या आत, त्या पायऱ्यांवर शकूचं पोर बसलेलं असेल, असं काहीतरी त्रिंबकरावांच्या मनात आलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

भिवा टोपली घेऊन आला. पगड्या नव्यासारख्या दिसत होत्या. टोपीवरही पगडबंदाने बिचाऱ्याने ब्रश मारला होता. जाताना वकील जिन्याशी थांबून मोठ्याने म्हणाले, "वहिनी, पुढच्या सभेला मी पगडी मांडीवर घेऊन बसणार." सगळे हसले आणि गेले.

त्रिंबकराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. बायकोकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

"वकील आता गावभर तुझा बोभाटा करणार," ते म्हणाले.

हौसाबाईंनी पन्ह्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"करू देत," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा कधी पगड्यांबरोबर मास्तरांची टोपीही इकडून धाडणं होणार असेल, तर आधी मला सांगणं व्हावं. टोपीसाठी जरा बरं कारण शोधून ठेवीन."