नवा पत्रा

नीला शाळेतून आली तेव्हा दापोडीच्या त्या चाळीवर एकच पत्रा चकाकत होता, आणि तो नेमका तिच्याच खोलीवर होता.

बाकीच्या खोल्यांच्या पत्र्यांची पार चाळण झालेली. छत नीट होईस्तोवर भाडं द्यायचं नाही, असं सगळ्या चाळीनं मिळून ठरवलं होतं. कुणी फुटायचं नाही, हेही ठरलं होतं. आणि आता हे!

नळावर बायकांची बडबड चालली होती. नीला घागर घेऊन गेली तशा सगळ्या गप्प. शेजारच्या विमलबाई तेवढ्या म्हणाल्या, "तुमचं बरंय बाई. झोपा आता सुखानं."

"आम्ही भाडं दिलेलं नाही, मावशी!"

"मी कुठं काय म्हटलं?"

तेवढ्यात घरमालक अर्जुनराव सायकल ढकलत चाळीसमोरून निघाले. नीलाची आई भिमाबाई दारात उभी होती. नळापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं ते तिला म्हणाले, "काय भिमाबाई, बसला न्हवं पत्रा झ्याक? शब्दाला जागणाऱ्या माणसाचं आमी कधी वाईट करत न्हाई!"

"कसला शब्द? कुणी दिला?" आई ओरडली. तोवर घंटी वाजवत स्वारी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

नीला तरातरा घरात शिरली. पावती नाचवून सगळ्यांची तोंडं बंद करावीत, असं तिला वाटलं. पण न दिलेल्या भाड्याची पावती आणायची कुठून? मग नको तोच विचार डोक्यात आला. दिवसभर बाबा कंपनीत, आपण शाळेत. घरात आई एकटीच.

"माझ्याकडं काय बघतीस गं अशी?" आईचा आवाज चिरकला. "दोन गडी आले, वर चढले, जुना पत्रा काढून घेऊनही गेले. मला वाटलं, सगळ्यांचेच बदलतायत."

नीलानं मान खाली घातली.

आईनं पदर खोचला. "बाबांचा पाना काढ. आणि चढ वर."

शिडी भिंतीला लागली. स्कर्ट आवळून नीला सरसर वर गेली आणि पोटावर सरपटत एकेक नट सोडवू लागली. नवेच ते, भराभर फिरले. खाली विमलबाई धावत आल्या, "अगं कार्टे, पडशील!" म्हणत त्यांनी शिडी धरली. पत्रा घसरला आणि धाडकन अंगणात आदळला. अख्खी चाळ बाहेर आली.

नीलानं भोकातून खाली पाहिलं. स्टोव्ह, परातीतली कणीक आणि वर बघणारी आई, सगळं उघड्यावर आलं होतं. लोणावळ्याच्या बाजूनं ढग भरून येत होते.

नीला उतरू लागली. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून विमलबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे... भाड्याचे पैसे परत दिले वाटतं मालकानं?"