प्रकृती उत्तम

प्राणिशास्त्र विभागातलं कासव मेलं. मग विभागप्रमुख मॅडम आल्या, त्यांनी पेटीत वाकून पाहिलं, दार लावून घेतलं आणि ते मेलेलं नाही असं ठरलं.

"मान्यतेची समिती खाली चहा पितेय," मॅडम म्हणाल्या. "विभागात जिवंत प्राणी नसेल तर विषय बंद, नियमच आहे. नवीन कासव आणायला कायद्याने बंदी. आणि माशांचं तुला माहीतच आहे."

माशांचं सगळ्यांनाच माहीत होतं. ते सुट्टीत गेले होते, एकामागून एक, रांग लावल्यासारखे.

दुसऱ्या वर्षाची मुलगी कोबीचा पाला हातात घेऊन उभी होती. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं. मार्कांना ते पटलं नाही, म्हणून ती जीवशास्त्राला आली. निदान प्राण्यांच्या जवळपास तरी राहता येईल. जवळपास म्हणजे हे एक कासव. बाकीचे सगळे बरण्यांमध्ये होते. कासवाला सगळे म्हातारा म्हणत.

"कधी गेला गं?" मॅडमनी हळूच विचारलं.

मुलीला सांगता येईना. कालचा पाला तसाच होता. त्याच्या आदल्या दिवशीचाही. थंडीत तो कमी खातो, असं तिने स्वतःला समजावलं होतं. काल तर ती त्याच्याशी बराच वेळ बोलत बसली होती. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

"मान बाहेर लोंबतेय," मॅडम म्हणाल्या. "ती आत घाल. मान आत असली की कासव जिवंत दिसतं."

मुलीने अंगठ्याने त्याचं डोकं हलकेच आत ढकललं. ते परत बाहेर आलं. तिने पुन्हा ढकललं आणि पुढ्यात कालचा पाला रचला. जिवंतपणी त्याने तिला कधी डोक्याला हात लावू दिला नव्हता.

समिती आली. अध्यक्ष अर्थशास्त्राचे होते. त्यांच्याबरोबरच्या सरांनी नाकाला रुमाल लावला होता.

"वास येतोय."

"फॉर्मलिन, सर," मॅडम म्हणाल्या.

अध्यक्षांनी पेनने कवचावर टकटक केलं आणि दार उघडायची वाट पाहावी तसे थांबले. "बाहेर येत नाही?"

"नवीन माणसांना लाजतो."

"चांगलं आहे. हल्ली कोण लाजतं." ते मुलीकडे वळले. "याचं तुम्ही बघता? खातो-पितो ना व्यवस्थित?"

मुलीने मॅडमकडे पाहिलं. मॅडम भिंतीवरच्या बेडकाच्या पचनसंस्थेत गुंतल्या होत्या.

"पूर्वीपेक्षा कमी, सर."

"वयोमानाने होतं तसं. आमच्या वडिलांचंही तेच आहे. आणि पुढे काय करायचं ठरवलंय तुम्ही?"

"प्राण्यांबरोबर काम करायचंय."

"मग सुरूच आहे की," अध्यक्ष म्हणाले. रुमालवाले सर रुमालात हसले.

ते मॅडमना घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले, तेवढ्यात मुलीला घरून फोन आला. तिचा अभ्यास कसा चाललाय हे घरात कोणी विचारत नसे. म्हाताऱ्याची मात्र रोज चौकशी. दादाचं तर म्हणणं होतं की तुमच्या वर्गात पास होणारा तो एकटाच.

"म्हातारा जेवला का गं?" आईने विचारलं.

"जेवला."

"आणि तू?"

"मी पण," मुलगी म्हणाली. पाला अजून तिच्या दुसऱ्या हातात होता.

मॅडम शेरा घेऊन परत आल्या. विषयाला पाच वर्षांची मान्यता. प्राण्याची प्रकृती उत्तम. पुढील भेटीत हाच प्राणी दाखवावा. त्यांनी तो मोठ्याने वाचला, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

"मॅडम, आता त्याला पुरायचं ना?"

"पुरायचं कसं? प्रकृती उत्तम आहे त्याची." त्या तिच्याकडे न बघता बोलल्या. "आतून औषध भरू, टिकेल. राहू दे पेटीतच. तू रोज पाला टाकत जा. लोक बघतात."

जिन्याखाली विद्यार्थ्यांच्या सूचनांची पेटी आहे. तिची किल्ली हरवलेली आहे, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. मुलीने घरी जाताना त्यात एक कागद टाकला.

'माननीय समितीस सविनय विनंती, की विभागातील कासवास मृत होण्याची परवानगी मिळावी. कुंपणाजवळची जागा पाहून ठेवली आहे. खड्डा अर्जदार स्वतः खणेल. प्राणी शांत स्वभावाचा असून त्याचा कोणासही त्रास होणार नाही. पुरताना त्याची मान कवचाबाहेर राहू द्यावी.'