एक ते पाच

"पुन्हा वाचा," टॉर्किल मॅकास्किल म्हणाला.

निवडणूक अधिकाऱ्याने चष्मा सावरून पुन्हा वाचलं. मॅकास्किल, पहिल्याच फेरीत विजयी. पेगी मॅकफेल, पराभूत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काय करावं ते टॉर्किललाही सुचेना.

तो जिंकायला उभा राहिलाच नव्हता. बेटाच्या नाकावर टिच्चून उभा राहिला होता. इस्टेटीचा कारभारी म्हणून त्याने किनाऱ्याच्या रस्त्याला फाटक बसवून कुलूप ठोकलं, तेव्हापासून बेटावर कुणी त्याच्याशी हवापाण्याचंसुद्धा बोलत नव्हतं. प्रचारपत्रकात त्याने एकच ओळ छापली होती: 'सात पोरांसाठी शाळा कशाला?' पेगी त्याच शाळेची निवृत्त बाई. ती फक्त शाळा वाचवायला उभी होती. तिला पाडून बेटाने याला निवडलं होतं.

स्कॉटलंडभर या वर्षी कौन्सिलच्या मतपत्रिकेवर फुलीऐवजी आकडे आले होते. सर्वांत पसंत उमेदवाराच्या नावापुढे एक, त्याच्या खालोखाल दोन, असं पुढे. मग पसंतीच्या प्रमाणात जागांची वाटणी. तीन बेटांचा मिळून एक मतदारसंघ, जागा तीन, उमेदवार पाच. बाकीच्या दोन बेटांवर टॉर्किलला कुणी ओळखतही नव्हतं. म्हणजे ते सगळे 'एक' त्याच्याच गावकऱ्यांनी, आपल्या हाताने लिहिले होते. परतीच्या बोटीत तो हाच विचार उलटासुलटा करून पाहत होता. कुठूनही तो जुळेना.

दुसऱ्या दिवशी त्याने फाटकाचं कुलूप काढलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. शाळेची पोरं त्या रस्त्याने शिंपले वेचायला धावली. एका मुलीने त्याच्याकडे बघून हात हलवला. तो इतका गोंधळला, की त्याचा हात खिशातून बाहेर येईपर्यंत ती लांब गेली होती.

कौन्सिलच्या पहिल्या बैठकीला निघताना तो धक्क्याजवळच्या जेसीच्या दुकानात शिरला. टोपी काढली.

"जेसी, तुमचे आभार मानायचे राहिलेत माझ्याकडून."

"कसले?"

"मला एक नंबर दिलात तुम्ही लोकांनी."

जेसीने हातातला पावांचा ट्रे खाली ठेवला. "आभार कसले मानतोस, मेल्या! पाचातला एक दिला तुला. पेगीला पाच दिले. पुडिंगला देतो तसे!"

दर शरदात गावच्या सभागृहात पुडिंगची स्पर्धा व्हायची. फडक्यात बांधून उकडलेली, मनुका घातलेली पाच पुडिंगं. प्रत्येकाने चाखून एक ते पाच गुण द्यायचे. पाच म्हणजे सर्वांत फक्कड, एक म्हणजे कुत्र्याला घाला.

"मतदानालाही सभागृह तेच, टेबलं तीच, दोरीला बांधलेली पेन्सिल तीच. नावंही पाच," जेसी म्हणाली. "लॅकी म्हातारा दारातच म्हणाला, हे पुडिंगसारखंच दिसतंय. मग सूचना वाचतो कोण? बिचारी पेगी, तिच्याच माणसांनी पाडली तिला."

"सगळ्यांनी असंच केलं?"

"तू आम्हाला सगळ्यांनाच सारखा आवडायचास ना!"

"मग इतके दिवस मला कुणी बोललं कसं नाही?"

"तू कुलूप काढलंस. त्यात आज कौन्सिलात शाळेचं मतदान. पेगी म्हणाली, गप्प बसा, त्याला खुशीत राहू द्या." जेसीने नजर चुकवली. "पण तू टोपी काढून उभा राहिलास. मला नाही राहवलं. आता काय करायचं ते कर. जा, बोट सुटेल."

बोटीत त्याने रागवायचा प्रयत्न केला. रागाची त्याला सवय होती; एरवी तो बोलावल्याशिवाय यायचा. आज येता येता मध्येच ती हात हलवणारी पोर यायची आणि सगळं विस्कटायचं. बैठकीत 'शाळा बंद करावी' असं म्हणणारे हात वर झाले, तेव्हा त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. 'बंद करू नये' म्हटल्यावर एक हात वर गेला. का, ते त्याला याही वेळी सांगता आलं नसतं. एका मताने शाळा वाचली.

बेटावर कुणी काही बोललं नाही. ऑक्टोबरात मात्र पेगी दारात येऊन उभी राहिली.

"शनिवारी पुडिंग घेऊन ये."

"मला येत नाही करायला."

"ते चाखल्यावर कळेलच आम्हाला," ती म्हणाली आणि निघून गेली.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं होतं. टॉर्किलचं पुडिंग मधोमध कच्चं होतं. चाखणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. लॅकीने तर घास गिळायला पाणी मागितलं. मग पेगी चिठ्ठ्या वाचू लागली.

"मॅकास्किल, एक. मॅकास्किल, एक. मॅकास्किल, पुन्हा एक."

टॉर्किल बुटांकडे बघत ऐकत होता. दुसरा आकडा आलाच नाही. ठीक आहे, त्याने मनाशी म्हटलं, या वेळी तरी मोजण्यात घोळ नाही. त्याने खुर्चीवरचा कोट उचलला आणि दाराकडे वळला.

लॅकीने कोटाची बाही धरली. "बस खाली, गाढवा. यंदापासून आपलीही पद्धत बदललीय. आता एक म्हणजे पहिला."