शेवटच्या वर्गातलं घर

जरा पुढे सरकून बसा, मायबापहो. मत्सराची गोष्ट सांगतो. छोटीशीच आहे, पण ऐकताना ज्याने त्याने आपल्या काळजावर हात ठेवावा.

भाऊंच्या हातात कागद होता आणि कागदावर एकच आकडा होता. शून्य.

काचेच्या तारांचं ते केंद्र भाऊंनी वीस वर्षं सांभाळलेलं. तारांतून प्रकाश धावतो, आणि त्या प्रकाशात लोकांची बोलणी, चित्रं, बारीक बारीक पॅकेटं होऊन जातात. आता प्रकाशाचा स्वभाव कसा, की तो थांबत म्हणून नाही. दोन पॅकेटं एका दाराशी आली, तर एकाला दार आणि दुसऱ्याला तारेच्या वेटोळ्यातून एक फेरा. फेरा मारून आलं आणि दार अडलेलंच असलं, तर ते कायमचं हरवलं. आधी दार कुणाला, यासाठी वर्ग पाडून मांडणी केलेली. सर्वांत वर इस्पितळं. केंद्रातल्या माणसांची घरंही त्याच जाळ्यावर.

भाऊंच्या मांडणीत इस्पितळांचीसुद्धा दहा हजारांत तीन पॅकेटं हरवायची. नवीच्या मांडणीत, सहा आठवड्यांच्या चाचणीत, एकही हरवलं नाही. केंद्रात कामाला येऊन तीन वर्षं झाली तरी तिला सगळे 'नवी'च म्हणत. जाळ्यावर कायमची कुणाची मांडणी ठेवायची, हे भाऊंनी आज दुपारी साहेबांना लिहून द्यायचं होतं.

भाऊंना अन्न गोड लागेना. "तोंडात घास आणि ओठांवर नाव तिचं! जेवा की आता," बायको म्हणायची. सुख एकच, दूरदेशीच्या लेकीचा पाचचा फोन. पूर्वी पडद्यावर तिचा चेहरा मध्येच गोठायचा. हल्ली जणू समोरच बसलेली.

'प्रकाश काय जादू करतो? कुठेतरी मेलीच असणार पॅकेटं,' म्हणत भाऊंनी हरवलेल्यांची यादी काढली. आणि बघतात तर काय, सगळी एकाच घरची! सर्वांत खालच्या वर्गात ते एकटंच घर. सापडली चोरी! कागद फडकवत ते नवीच्या टेबलाशी गेले.

"बाई गं, कुणा गरिबाचा गळा दाबून हे शून्य आणलंस?"

तिच्या मोबाइलवर एक म्हातारी गोठली होती, तोंड अर्धं उघडं ठेवून.

"आमची आई," नवी म्हणाली. "कुणाचं तरी जाणारच होतं, भाऊ. म्हटलं, मग परक्याचं कशाला?"

भाऊंनी कागद खाली केला. "आणि... माझं घर?"

"इस्पितळांच्या लगोलग मागे. लेक पाचला बोलते ना तुमची?"

भाऊ आपल्या खुर्चीत येऊन बसले. साहेबांच्या कागदावर त्यांनी नवीचं नाव लिहिलं. मग वर्गांची यादी उघडली आणि नवीच्या घराच्याही खाली एका घराचा क्रमांक घातला.

पाचला लेक हसता हसता गोठली. "झालं! आला तुमच्या त्या बाईचा कारभार!" बायको करवादली.

"तिचा नव्हे, माझा," भाऊ म्हणाले. "थांब जरा. तिकडे एका म्हातारीचं वाक्य पुरं होतंय."

तर बाबांनो, आपल्या माणसाचा आवाज आज तुमच्यापर्यंत अखंड पोचला असेल, तर देवापुढे हात जोडताना, तुमच्यासाठी दार सोडून जो बाजूला झाला, त्याचीही एकदा आठवण काढा.